सरस्वतीच्या पाटावरचा पासपोर्ट

मतदानाच्या दिवशी मळमड्डीतल्या त्या बोळातली माणसं घराला कुलूप घालून किल्ली उत्तराअक्कांकडे ठेवून जात. नुसती किल्लीच नाही. कुणाचं झोपलेलं मूल, कुणाचा यायचा असलेला गॅस, कुणाचे ऐकू न येणारे मामंजी, सगळं त्यांच्या ओसरीवर येऊन पडे. त्या दिवशी हमखास घरी सापडेल असं माणूस बोळात एकच होतं, कारण मत नसलेलं माणूस बोळात एकच होतं.

उत्तराअक्का जन्मानं जर्मन. लग्न होऊन धारवाडला आल्या तेव्हा तिशीच्या आत होत्या, आता सत्तरी उलटली. केस पांढरे झाल्यापासून पाठमोऱ्या बघितल्या तर ओळखू येत नाहीत. नेसणं सहावारी. मराठी सासूकडून शिकलेल्या, त्यामुळं आताच्या पोरींना कळत नाहीत असे शब्द त्यांच्या बोलण्यात येतात. भाजीवाल्याशी हुज्जत कानडीत घालतात. स्वेटरचे टाके मात्र अजून जर्मनमध्येच मोजतात.

त्यांचं मूळ नाव उटे. धारवाडात हे नाव चालणं कठीणच होतं, कारण कानडीत ऊटा म्हणजे जेवण. आल्या आल्या जो तो दारात विचारायचा, "ऊटा आतेनरी?", म्हणजे जेवण झालं का, आणि नव्या सूनबाई प्रत्येक वेळी आपल्याला हाक मारली म्हणून उठून उभ्या राहायच्या. मग सासूबाईंनी, कुसुमावतीबाईंनी, ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, उत्तरा. जुनं नाव एकट्या नवऱ्याच्या तोंडी राहिलं, तेही कुणी जवळ नसताना.

हे नवरे, वादिराज कट्टी, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. वर्गात झाडांबद्दल तासभर बोलतील, घरात दिवसभर बोलणार नाहीत असा त्यांचा लौकिक. गेल्या लोकसभेच्या वेळी, मे महिन्यात, ते सकाळीच मत देऊन आले आणि नेहमीप्रमाणं त्यांनी डाव्या हाताचं बोट अक्कांपुढं धरलं. अक्कांनी ते हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, शाई नीट बघितली. हे दर निवडणुकीला व्हायचं. पुढं नख वाढे तशी शाईची रेघ वर वर सरके आणि एक दिवस नखाबरोबर कापली जाई. तोवर अक्का मधूनमधून ती कुठवर आली ते बघत राहत.

"ह्या वेळी जरा जांभळी आहे," त्या म्हणाल्या.

समोरच्या मालतीबाई किल्ली परत न्यायला आल्या होत्या. त्यांना गप्प बसवेना. "दुसऱ्यांची बोटं बघून काय करताय अक्का? जन्मभर राजकारणावरनं सगळ्यांशी भांडलात आणि तुमचं बोट बघावं तर कोरं! आमच्या ह्यांना कुणाला मत द्या ते तुम्ही सांगता, मग स्वतःच द्या की."

"मी सांगितलेलं ऐकतात का ते?"

"ऐकतात तर! माझंच तेवढं ऐकत नाहीत."

हसणं झालं, मालतीबाई गेल्या. अक्का मांडीवरच्या उरलेल्या किल्ल्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, "वादी, पुढच्या वेळी मीपण येणार."

"कुठं?"

"मत द्यायला. मी इथली होणार आता. कागदावरसुद्धा."

वादिराज बरं म्हणाले आणि आत गेले. झालेला आनंद कुणाला दिसू नये म्हणून परसात जाऊन ते कढीपत्त्याची पिवळी पानं वेचत बसले.

ह्या आनंदाच्या तळाशी एक जुनी भीती होती. दोघांना मूलबाळ नव्हतं. आपल्यामागं उटे परत जाईल, असं वादिराजांच्या मनानं केव्हातरी घेतलं होतं. तसं ती कधी बोलली नव्हती, दुसरंही कुणी म्हणालं नव्हतं. पण तिनं जर्मन नागरिकत्व सोडलं नव्हतं, हे तर खरं होतं. भारतीय माणसाशी लग्न करून काही वर्षं इथं राहिलं की अर्ज करता येत होता. सुरुवातीला दरवर्षी पोलीस कचेरीत जाऊन राहण्याचा परवाना वाढवून घ्यावा लागे. तिथला हवालदार तिला अक्का म्हणून चहा पाजायचा, आणि तरीही शिक्का मारताना परदेशी म्हणूनच मारायचा. तेव्हाही तिनं अर्ज केला नाही. पुढं ओसीआय कार्ड निघालं, म्हणजे जन्मभर राहा, पण मत देऊ नका आणि शेतजमीन घेऊ नका. ते तिनं घेतलं आणि तो विषय संपल्यासारखा झाला.

वादिराजांच्या मनात मात्र तो संपला नव्हता. तिचा तो पासपोर्ट त्यांना दाराशी भरून ठेवलेल्या बॅगेसारखा वाटायचा. का ठेवलायस, एवढा एकच प्रश्न होता. विचारला तर ती सरळ उत्तर देईल, ह्याची त्यांना खात्री होती, आणि म्हणूनच तो त्यांनी कधी विचारला नाही.

गंमत अशी की त्या पासपोर्टाची घरात सगळ्यांत जास्त सरबराई वादिराजच करत. त्याला कारण झालं ते पहिल्या दसऱ्याला. नवरात्रात सरस्वतीच्या पाटावर घरातल्या प्रत्येकाचं पुस्तक मांडायची कट्टींच्या घरची पद्धत. मांडलेलं पुस्तक दसऱ्यापर्यंत उघडायचं नाही. कुसुमावतीबाईंनी सगळ्यांची पुस्तकं मांडली आणि सुनेला विचारलं, "तुझं कुठंय?" सुनेची पुस्तकांची पेटी अजून बोटीवर होती. उटे तिकडं एका वाचनालयात पुस्तकं बांधायचं काम करायची, बियाण्यांच्या अभ्यासाला गेलेल्या वादिराजांशी तिची ओळख तिथलीच, तेव्हा तिच्यापाशी पुस्तकं काही थोडी नव्हती. पण त्या दिवशी हाताशी होतं ते एकच. तिनं पासपोर्ट आणून दिला. सासूबाईंनी तो उलटसुलट बघितला, वरच्या गरुडाला नमस्कार केला, हळदकुंकू वाहिलं आणि पोथ्यांच्या शेजारी मांडला.

तेव्हापासून दरवर्षी तो पाटावर. दसऱ्यानंतर सोवळ्याच्या फडक्यात बांधून पोथ्यांच्या कपाटात. पहिल्यांदा नवा करायला मुंबईच्या जर्मन वकिलातीत नेला तेव्हा तिथल्या साहेबानं लाल डाग बघून, हे रक्त आहे का, असं विचारलं होतं. जुना पासपोर्ट त्यांनी कोपरा कापून परत दिला. आता कोपरा कापलेला पासपोर्ट पूजेला चालतो की नाही, ह्यावर सासूबाईंनी दोन दिवस विचार केला. भंगलेली मूर्ती चालत नाही. पण पोथीचं पान फाटलं म्हणून पोथी कुणी टाकत नाही, असा त्यांनी निकाल दिला, आणि जुना नवा दोन्ही पाटावर बसू लागले. त्या गेल्यावर हे सगळं करायचं वादिराजांकडे आलं. दरवर्षी ते फडकं सोडत, पासपोर्ट मांडत, कुंकू लावत आणि परत बांधून ठेवत. बॅग भरलेली आहे ना ते बघितल्यासारखं.

मतदानानंतरच्या रविवारी पुतण्या आला. प्रभंजन हुबळीच्या कोर्टात वकिली करतो आणि नवनगरला राहतो. काकू भारतीय व्हायचं म्हणते हे ऐकून त्याला हुरूप आला.

"अर्ज डीसींच्या, म्हणजे कलेक्टरांच्या, कचेरीमार्फत जातो. ते मी बघतो. एक गोष्ट लक्षात ठेवा काकू, आपला कायदा दोन देश चालवून घेत नाही. इथल्या झालात की तिथलं सोडायचं."

"सोडायचं म्हणजे मी काय करायचं?"

"काहीच नाही. तुमच्या देशाचाच कायदा असा आहे की कुणी आपणहून अर्ज करून दुसरीकडचं नागरिकत्व घेतलं की जर्मन नागरिकत्व त्याच क्षणी आपोआप जातं. ठेवायचं असलं तर आधी तिकडून परवानगी आणावी लागते. तिकडच्याशी तुमचे काय धागे उरलेत ते दाखवायचे, नातेवाईक, घरदार, येणंजाणं. पटलं तर ठेवू देतात."

"धागे," अक्का म्हणाल्या. "एक बहीण आहे, ती आता कुणालाच ओळखत नाही. आणि आईचं थडगं."

"परवानगी आणलीत तरी इथं तिचा काही उपयोग नाही. त्या भानगडीत पडू नका."

"म्हणजे आपोआप जाईल."

"आपोआप."

"मला काही लिहून द्यावं लागणार नाही?"

"तिकडं नाही."

अक्कांनी मान हलवली. "चालेल," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. वादिराजांना वाटलं, पान गळतं तसं हे. देठाच्या बुडाशी झाड आतून एक पातळ पडदा तयार करतं, जखम आधीच भरून येते, आणि मग वारा निमित्ताला लागतो. वर्गात हे सांगताना ते नेहमी रंगात येत.

जूनच्या अखेरीला श्रीवत्सचा फोन आला. अक्का ओसरीवर पोरांना जर्मन शिकवतात, मळमड्डीतली कितीतरी पोरं त्यांच्याकडे शिकून तिकडं गेली. श्रीवत्स त्यांतला एक. मोबाइलच्या पडद्यावर तो जवळजवळ नाचतच होता.

"अक्का, बातमी बघितली का? इथला कायदा बदलला! आता जर्मन माणसानं दुसरीकडचं नागरिकत्व घेतलं तरी जर्मन जात नाही. परवानगीसुद्धा नको! तुम्ही आता दोन्ही!"

"आणि तू जर्मन होणार होतास, तुझं काय?"

"मी होतोय. पण माझं भारतीय जाणार. आपला कायदा अजून तोच ना."

ह्या शेवटच्या वाक्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मोबाइल मोठ्या आवाजात होता, मालतीबाई दारातच होत्या. संध्याकाळपर्यंत बोळभर झालं की उत्तराअक्का आता डबल. दुसऱ्या दिवशी मालतीबाईंनी होळग्या केल्या, पुरण घोटताना घाम गाळला, आणि तुपाची वाटी घेऊन स्वतः वाढायला आल्या. एकानं हार आणला. ऐकू न येणाऱ्या मामंजींनी, अक्का निवडून आल्या असं समजून, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

प्रभंजन आला तो ह्या जेवणात. दोन होळग्या खाऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "पण हे कशाचं?"

सांगितल्यावर तो घास गिळून म्हणाला, "अहो, तिकडच्यांनी त्यांचा नियम बदलला. आपला आहे तसाच आहे. इथं दोन्ही चालत नाहीत."

"मग जाईल तिकडचं आपोआप," मालतीबाई म्हणाल्या. "तू मागं म्हणालास तसं."

"तेच आता होत नाही ना! जर्मनी आता आपणहून सोडत नाही. काकूंनाच लिहून द्यावं लागेल की मी हे नागरिकत्व सोडते. स्वतःच्या हातानं सही करून. आणि ते सोडल्याचा पुरावा इथं आणून दाखवायचा."

"अय्य! म्हणजे कायदा चांगला झाला आणि काम वाढलं?"

"वाढलं कसलं? एक सही. दोन मिनिटांचं काम. काय काकू?"

अक्कांनी हातातला होळगीचा तुकडा पानात ठेवला. "बघू," त्या म्हणाल्या. त्यांनी तो तुकडा पुन्हा उचलला नाही, हे एकट्या वादिराजांनी बघितलं.

त्यानंतर प्रभंजननं विचारलं की काही ना काही निघे. श्रावणात सणवार. मग गणपती. मग ओसरीवरच्या पोरांची परीक्षा. वादिराज बघत होते. त्यांना काही केल्या उलगडत नव्हतं. आधीच्या कायद्यानंही नागरिकत्व जाणारच होतं आणि तेव्हा ती चालेल म्हणाली. आताही जाणारच आहे, शेवट तोच. मग मधल्या एका सहीत असं काय आहे? पान गळलं काय आणि तोडलं काय, फांदी मोकळी व्हायची ती होतेच. पण तोडलेल्या जागी चीक येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं! चीक म्हणजे जीव अजून तिकडं आहे, असं त्यांनी स्वतःशी धरलं, आणि जुनी भीती पुन्हा येऊन बसली. बॅग भरलेलीच आहे. तिला ती रिकामी करायची नाही.

नवरात्र लागलं. पाट मांडायच्या आदल्या दिवशी प्रभंजनचा फोन आला. "काका, पासपोर्टाचे फोटो काढून पाठवा. निदान अर्ज तरी भरून ठेवतो."

"आता पाटावर बसेल तो. दसऱ्यापर्यंत उघडता येणार नाही."

"मांडायच्या आधी काढा की."

"फडक्यात बांधलाय," वादिराज म्हणाले. सोडणं काही अवघड नव्हतं. पण त्यांनाही घाई नव्हती, हे त्यांना फोन ठेवल्यावर कळलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी बोळातली माणसं बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून द्यायला आली. प्रभंजनही आला, काकाकाकूंना नमस्कार केला, बन्नी दिली, आणि म्हणाला, "आता उठले ना देव? आणा तो पासपोर्ट."

वादिराजांनी पाटावरून तो आणला. प्रभंजननं कुंकू झटकलं, फोटोचं पान उघडलं आणि दिव्याजवळ नेलं.

"काका, हा तुम्ही दरवर्षी पूजता?"

"हो."

"कधी उघडून बघितलात?"

"पूजेतलं उघडत नाहीत."

"दसऱ्यानंतर?"

"नंतर बांधून ठेवतो."

प्रभंजननं कपाळावर हात मारला. "काकू, ह्याची मुदत संपून दोन वर्षं झाली! मेलेल्या पासपोर्टाची पूजा चाललीय तुमची!"

मालतीबाई बन्नी घेऊन नुकत्याच पायरी चढल्या होत्या. त्यांचं हसणं पार बोळाच्या टोकाला ऐकू गेलं असेल. "जर्मन बाई आणि तारीख विसरली? दुधाच्या पिशवीवरची तारीख बघून दुकानदाराशी भांडता तुम्ही अक्का!"

अक्का लाल झाल्या. पासपोर्ट हातात घेऊन त्यांनी तारीख वाचली, पुन्हा वाचली. "मला वाटलं वादी बघतो," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं तू बघतेस."

"म्हणजे नागरिकत्वही गेलं?" मालतीबाईंनी हसता हसता थांबून विचारलं.

"नाही हो. पासपोर्ट मेला म्हणून नागरिकत्व मरत नाही," प्रभंजन म्हणाला. "ते आहेच. पण ह्याच्यावर काकूंना कुठं जाता आलं नसतं, आणि परदेशी म्हणून इथं राहायचं तरी हा चालू लागतो. आधी बेंगळुरूला जाऊन हा नवा करायला हवा. मग पुढचं."

सगळे गेले. वादिराज पाटापाशी बसून राहिले. पुस्तकं उचलायची तशीच राहिली. दोन वर्षं! दोन वर्षं ते ज्या बॅगेला घाबरत होते ती उघडीच पडलेली होती, तिच्यात काही नव्हतं, आणि जिची बॅग तिला त्याचा पत्तासुद्धा नव्हता. जायचं मनात असलेलं माणूस पहिली गोष्ट बघतं ती तारीख. हिनं दुधाची बघितली, गॅसची बघितली, ओसरीवरच्या पोरांच्या पासपोर्टाच्यासुद्धा बघितल्या. ही तारीख तेवढी विसरली.

अक्का दिव्यात तेल घालायला आल्या. वादिराजांनी वर न बघता विचारलं, "उटे, मग सही का करवत नाही?"

त्या बाजूला जमिनीवर बसल्या. गुडघा दुखत असल्यानं बसायला त्यांना वेळ लागला.

"तुला माझ्या आईचं गाव माहीत आहे."

"आता दुसऱ्या देशात आहे ते."

"आई एकोणीस वर्षांची होती. लढाई संपली होती. एका सकाळी सैनिकांनी येऊन सांगितलं, हे गाव आता तुमचं नाही, दुपारच्या आत निघा. तिनं चुलीवरचे बटाटे उतरवले नाहीत. नव्या सरहद्दीच्या पलीकडं आल्यावर चार वर्षं लाकडी बराकीत काढली. तिथले लोक तिचीच भाषा बोलायचे आणि तिलाच परकी म्हणायचे. आई फार रडणारी नव्हती. एवढंच म्हणायची, माझ्याकडून काढून घेतलं, मी दिलेलं नाही. त्यांनी सही मागितली असती तर मी केली नसती."

दिव्याची वात त्यांनी थोडी पुढं सारली.

"आपोआप गेलं असतं तर आईला सांगता आलं असतं, गेलं म्हणून. त्यातलं तिला कळलं असतं. पण आता ती विचारेल, तू दिलंस? मेलेली माणसं विचारत नाहीत, मला माहीत आहे. तू हसशील."

वादिराज हसले नाहीत. त्यांना त्यांचे अप्पा आठवले. "आमच्या अप्पांचं म्हणजे ह्याच्या उलट," ते म्हणाले. "छप्पन साली ते मुंबई राज्यात झोपले आणि म्हैसूर राज्यात उठले. अंथरूण तेच, उशी तीच. मी पाच वर्षांचा होतो. सकाळी उठून ते परसात गेले, विहीर बघितली, आणि आईला म्हणाले, पाणी कालचंच आहे."

"त्यांना कुणी विचारलं होतं?"

"अप्पांना विचारलं असतं तर त्यांनीच उलट इतके प्रश्न विचारले असते की अजून राज्य झालं नसतं."

आता अक्का हसल्या. हसता हसता त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं. "आज तू बोलतोयस. काय झालंय?"

वादिराजांनी पाटावरची एक पोथी उचलली आणि परत तिथंच ठेवली. "मला वाटायचं, माझ्यामागं तू परत जाशील. म्हणून ठेवलायस."

"परत? कुठं?"

"तिकडं."

"कशावर? ह्याच्यावर?" त्यांनी मुदत संपलेला पासपोर्ट त्यांच्या नाकासमोर धरला. मग त्यांचा आवाज उतरला. "कधीपासून वाटतंय असं?"

"पहिल्यापासून."

"मग विचारलं का नाहीस रे?"

"तू उत्तर दिलं असतंस."

अक्कांनी बन्नीची दोन पानं उचलून नवऱ्याच्या हातावर ठेवली. वर्षानुवर्षं दसऱ्याला त्या आधी सासूबाईंना, मग बोळातल्या सगळ्यांना बन्नी देत आणि नवऱ्याला द्यायची राहून जाई, तशी आज राहिली होती.

"तुला वाईट वाटलं?" त्यांनी विचारलं. "मी येणार नाही मत द्यायला."

"वाटलं थोडं. दोघं एका रांगेत उभं राहू असं मनात होतं."

"वादी, बायकांची रांग वेगळी असते. इतकी वर्षं मत देतोस!"

अर्ज करायचा नाही, असं प्रभंजनला दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं. त्याला जरा लागलं, वकिलाला हाती आलेलं काम गेल्यावर लागतं तसं. मालतीबाईंनाही सांगितलं. "तुमचं बोट एकदा बघायचं होतं मला," त्या म्हणाल्या. मग लगेच, "पण बरं झालं बाई. तुम्ही मत द्यायला गेला असता तर किल्ल्या ठेवायच्या कुणाकडं?"

जानेवारीत दोघं रेल्वेनं बेंगळुरूला गेले. वकिलातीच्या खिडकीतल्या तरुण बाईनं जुना पासपोर्ट हातात घेतला, कुंकवाचा डाग नखानं खरवडून बघितला, काही विचारलं नाही आणि कोपरा कापला. काही आठवड्यांनी नवा घरी आला. पाकीट वादिराजांनीच फोडलं, आणि ह्या वेळी सगळ्यांत आधी मुदतीची तारीख वाचली. दहा वर्षं पुढची होती. स्वतःच्या वयात त्यांनी दहा मिळवून बघितले, आणि पासपोर्ट फडक्यात बांधला.

ह्या दसऱ्याला त्यांनी पाट मांडला. पोथ्या, त्यांचं झाडांचं जुनं जाड पुस्तक, अक्कांचा शब्दकोश, कोपरे कापलेले सगळे पासपोर्ट आणि वर नवा. अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या.

"आतल्या पानाला लावू नकोस. फोटोला लागलं की पुढच्या वेळी ती खिडकीतली बाई ओरडेल."

"पुढच्या वेळी म्हणजे दहा वर्षांनी."

"मग? तेव्हा तू येणार नाहीस की काय माझ्याबरोबर?"

वादिराजांनी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं.

"येतो की," ते म्हणाले, आणि गरुडाच्या बरोबर छातीवर टेकवलं.